पाळीव सरड्याच्या पेटीला दार कशाचे असावे?

घरी सरड्याची पेटी बनवायला घेतली की प्लाय कोणता आणावा, पेटी किती लांब असावी, दिवे कुठे लावावेत यावर बराच खल होतो आणि दाराचा प्रश्न मात्र शेवटी सुताराच्या हाती सोडला जातो. प्रत्यक्षात हा निर्णय सर्वांत आधी व्हायला हवा. पेटीच्या बाकीच्या भिंती एकदा बसल्या की त्यांना पुन्हा हात लागत नाही. दार मात्र रोज उघडते आणि रोज बंद होते, त्यातूनच आपण प्राण्याला पाहतो, त्याच्या फटीतून उष्णता निसटते, खायला सोडलेले किडे बाहेर येतात आणि मुंग्या आत शिरतात. शिवाय दाराची जाडी किती आणि ते सरकते की बिजागरीचे, यावर पुढच्या चौकटीची मापे ठरतात. चौकट आधी ठोकून दार नंतर शोधायला गेले, तर जे मिळेल ते बसवण्याची वेळ येते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील हवा, इथली घरे आणि इथल्या बाजारात सहज मिळणारे साहित्य डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. उदाहरणांसाठी लेपर्ड गेको (अंगावर ठिपके असलेला, पालीच्या जातकुळीतला) आणि बिअर्डेड ड्रॅगन (हनुवटीखाली काटेरी दाढी असलेला सरडा) हे दोन प्राणी प्रामुख्याने घेतले आहेत, कारण घरगुती पेटीत ठेवण्याजोगे प्राणी म्हणून तेच अधिक आढळतात. घोरपड आणि आपल्याकडचा रंग बदलणारा शॅमेलिऑन यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे; ते घरात ठेवणे गुन्हा आहे, आणि रानातला कोणताही सरडा धरून पेटीत घालू नये हे मी आग्रहाने सांगेन. हिरव्या इग्वानासारख्या ज्या परदेशी प्राण्यांचा समावेश साईटस् या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. दाराची काच कापून आणण्याआधी प्राण्याची कागदपत्रे हातात असावीत.

दाराने काय करावे आणि काय करू नये

साहित्याच्या निवडीत सर्वाधिक घोळ एका समजुतीमुळे होतो, आणि ती समजूत म्हणजे पेटीत हवा खेळवण्याचे काम दाराने करायचे असते ही. त्या समजुतीपोटी पुढची सगळी बाजू जाळीची केली जाते आणि मग हिवाळ्यात दिवा कितीही वेळ चालू ठेवला तरी पेटी तापत नाही. हवेसाठी स्वतंत्र झरोके ठेवावेत. एक झरोका थंड बाजूच्या भिंतीत, मातीच्या थरापेक्षा थोडा वर, आणि दुसरा उबदार बाजूच्या भिंतीत छताजवळ असला, म्हणजे तापलेली हवा वरच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा आपोआप ओढली जाते. दाराने उष्णता आणि ओलावा आत धरून ठेवावा, प्राण्याला आत आणि मांजर, उंदीर, मुंग्यांना बाहेर ठेवावे, आणि आपल्याला आतले स्वच्छ दिसू द्यावे. कामाची अशी वाटणी मान्य केली की साहित्याचा निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेला प्रश्न हवेचा आहे, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत हवा एकसारखी नाही. महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या डोंगराळ भागात जुलै-ऑगस्टमध्ये घरातल्या भिंतींनासुद्धा ओल येते, तर माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की पेटीत शिंपडलेले पाणी पाहता पाहता उडून जाते. सांगली-मिरजेकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गारठतात. म्हणूनच दुसऱ्या देशातल्या किंवा अगदी मुंबईतल्या माणसाच्या पेटीची हुबेहूब नक्कल करू नये. पाटणमधल्या घरात लाकडी दार फुगून अडकेल हा विचार आधी करावा लागतो, तर जतमधल्या घरात जाळीच्या दारातून ओलावा उडून जाईल हा.

काच

बहुतेकांसाठी माझी शिफारस काचेचीच आहे. काचेवर नखांचे चरे पडत नाहीत, दिव्याच्या उष्णतेने ती वाकत नाही, ओल पीत नाही, पातळ केलेल्या व्हिनेगरने किंवा साबणाच्या पाण्याने कितीही वेळा पुसली तरी धूसर होत नाही आणि तालुक्याच्या गावातसुद्धा माप दिल्यावर कापून मिळते. लेपर्ड गेकोच्या पायांना पालीसारख्या चिकट गाद्या नसतात, त्यामुळे तो काचेवर चढू शकत नाही. बिअर्डेड ड्रॅगनलाही गुळगुळीत काचेवर पकड मिळत नाही. त्यामुळे या दोघांच्या बाबतीत दाराची वरची कड त्यांच्या आवाक्याबाहेर राहते. क्रेस्टेड गेको हा पालीसारखा प्राणी मात्र काचेवर सहज चढतो आणि दार सरकवताच कडेवरून बाहेर येऊ शकतो. पण त्याला २७-२८ अंशांच्या वरचे तापमान मानवत नाही, तेव्हा वातानुकूलित खोली नसेल तर सांगलीच्या उन्हाळ्यात त्याला पाळण्याचा विचारच करू नये.

जाडी ठरवताना वजनाचा हिशेब करावा. एक मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला अडीच किलो असते. म्हणजे ५ मिमी काच साडेबारा किलो आणि ६ मिमी काच पंधरा किलो. लेपर्ड गेकोसाठीच्या तीन फूट लांब व दीड फूट उंच पेटीच्या दोन सरकत्या काचा ५ मिमी जाडीच्या घेतल्या, तर प्रत्येकीचे वजन पावणेतीन किलोच्या आत राहते आणि ती एका हाताने सहज सरकते. बिअर्डेड ड्रॅगनसाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी लागते. तिथे काचा मोठ्या असल्याने ६ मिमी जाडी घ्यावी. ४ मिमी काच स्वस्त पडते हे खरे, पण ती फक्त लहान पेटीच्या दीड फुटांपर्यंतच्या तुकड्यांसाठी ठीक आहे. मोठ्या तुकड्यात ती दाबाखाली लवते आणि कोपऱ्यातून तडकते.

काचवाल्याला माप देताना चारही कडा मशीनवर घासून गुळगुळीत करून द्यायला सांगावे. हा खर्च वाचवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, तो टाळावा. कच्च्या कडेने बोट कापते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे बहुतेक तडे कडेवरच्या बारीक टवक्यापासून सुरू होतात. घरात लहान मुले असतील किंवा पेटी जमिनीलगत ठेवायची असेल, तर टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच घ्यावी. ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे धारदार पाते न होता बोथट दाणे होतात. तिच्याबाबत एक अट मात्र ध्यानात असू द्यावी: टफन झाल्यावर तिला कापता येत नाही, घासता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. मुठीसाठी किंवा कुलपासाठी भोक हवे असेल तर ते आधीच मापासह सांगावे लागते, आणि माप दोन मिलिमीटरने चुकले तरी काच वाया जाते. त्यामुळे चौकट पूर्ण झाल्यावर, प्रत्यक्ष उघडी जागा तीन ठिकाणी मोजून, मगच तिची मागणी द्यावी.

काच उष्णता धरत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण समजले जाते तेवढे नाही. काचेतून उष्णता ॲक्रिलिकच्या (काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) पाचपट सहज वाहते हे खरे असले, तरी इतक्या पातळ थरात उष्णतेला खरा अडसर होतो तो पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेच्या थरांचा. त्या थरांसह हिशेब केला, तर ५ मिमी काचेऐवजी ५ मिमी ॲक्रिलिक लावल्याने त्या दारातून होणारी गळती दहा टक्क्यांनीही कमी होत नाही. काचेच्या भोवतीच्या फटी बुजवल्याने मिळणारा फायदा याहून मोठा असतो. साताऱ्याच्या थंडीत रात्री दिवे बंद झाल्यावर दारावरून बाहेरच्या बाजूने जाड पांघरूण सोडावे. माणदेशी घोंगडी या कामाला उत्तम आहे. झरोके मात्र झाकले जाऊ नयेत आणि पेटीच्या डोक्यावर दिव्याचा किंवा हीटरचा तापलेला भाग असेल तर पांघरूण त्याच्या जवळपास जाऊ नये.

काचेची आणखी दोन वैशिष्ट्ये दार करण्यापूर्वी माहीत असावीत. साधी खिडकीची काच सूर्यप्रकाशातील यूव्हीबी किरण (अतिनील किरणांचा एक प्रकार) जवळजवळ पूर्णपणे अडवते. हे किरण त्वचेवर पडल्याने सरड्याच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय अन्नातले कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही. बिअर्डेड ड्रॅगनसारख्या दिवसा वावरणाऱ्या प्राण्याला ते मिळाले नाहीत तर जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, पाठीला बाक येतो. तेव्हा पेटी खिडकीशी ठेवली म्हणजे ऊन मिळाले असे समजू नये. यूव्हीबीची नळी, म्हणजे हे किरण देणारा नळीदिवा, पेटीच्या आतच बसवावी. उलट काचेच्या पेटीवर थेट ऊन पडले, तर किरण अडतात आणि उष्णता मात्र आत कोंडते. चैत्र-वैशाखात पश्चिमेच्या खिडकीतले दुपारचे ऊन अशा बंद पेटीवर आले, तर प्राणी दगावण्याइतके तापमान थोड्या वेळात चढू शकते. पेटी घरातल्या आतल्या भिंतीला लावावी.

दुसरे वैशिष्ट्य प्रतिबिंबाचे. बिअर्डेड ड्रॅगन आपल्याच प्रतिबिंबाला दुसरा नर समजून हनुवटी फुगवतो, काचेवर पंजे मारत राहतो आणि खाणे कमी करतो. आतला दिवा प्रखर आणि बाहेरची खोली अंधारी असली की काचेचा आरसा होतो; दिवसा खोलीत पुरेसा उजेड ठेवावा, आणि तरीही प्राणी अस्वस्थ असेल तर काचेच्या खालच्या तीन-चार इंचांवर बाहेरून मॅट फिल्म लावावी.

ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट

ॲक्रिलिकचे वजन काचेच्या निम्म्याहून कमी असते, पडल्यावर त्याचे तुकडे जीवघेणे नसतात आणि घरच्या घरी त्याला भोक पाडता येते. या तीन गुणांमुळे ते हवेसे वाटते. त्याचा दोष तापमानाशी निगडित आहे. ॲक्रिलिक काचेच्या सातआठ पट प्रसरण पावते: तीन फुटांची पट्टी २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की सव्वा मिलिमीटरने वाढते, तर तेवढ्याच काचेत पाव मिलिमीटरही फरक पडत नाही. सव्वा मिलिमीटर ऐकायला थोडा वाटतो, पण घट्ट चॅनेलमध्ये (दार ज्या खाचेच्या पट्टीत सरकते तिच्यात) बसवलेल्या दाराला अडकवायला तेवढा पुरतो. त्यातही पेटीची आतली बाजू उबदार व दमट आणि बाहेरची कोरडी असते, त्यामुळे पत्र्याचा एक पृष्ठभाग दुसऱ्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि दाराला पोक येतो. सरकत्या दारात असा पोक आला की दोन पत्र्यांमधली फट मधोमध रुंदावते, आणि नेमक्या त्या फटीतून किडे निसटतात.

म्हणून मोठ्या सरकत्या दारासाठी ॲक्रिलिक घेऊ नये. ज्या ठिकाणी ते खरोखर शोभते ती जागा म्हणजे चारही बाजूंनी लाकडी चौकटीत धरलेले, बिजागरीवरचे लहान दार. तिथेही पत्रा किमान ५ मिमी जाडीचा आणि दीड फुटांच्या आतला असावा, चौकटीच्या खाचेत त्याच्या चहूबाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळी जागा सोडावी, आणि स्क्रूसाठी पाडलेले भोक स्क्रूपेक्षा मोठे ठेवून खाली रबरी वॉशर घालावा. शंभर अंशांच्या आसपास ॲक्रिलिक मऊ पडते आणि सिरॅमिक हीटरचा (उजेड न देता फक्त उष्णता देणाऱ्या साधनाचा) पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो, तेव्हा उष्णतेचे साधन दारापासून किमान एक फूट दूर असावे. पुसण्यासाठी फक्त ओले सुती फडके आणि सौम्य साबण वापरावा. स्पिरिट किंवा काच पुसण्याच्या अमोनियायुक्त द्रावणाने त्यात जाळीदार बारीक तडे येतात आणि ते कधीच जात नाहीत.

कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी मात्र वजनाचा मुद्दा गांभीर्याने घ्यावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये सांगलीत पाणी शिरले, तेव्हा सामान वरच्या मजल्यावर चढवायला अनेकांना थोडाच अवधी मिळाला. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ऐकून ज्यांना घर हलवावे लागते, त्यांच्याकडे लहान, हलकी, ॲक्रिलिकच्या दाराची पेटी असणे शहाणपणाचे आहे. मोठी पेटी असेलच, तर तिच्या काचा क्षणात उचलून काढता येतील अशा सरकत्या असाव्यात. काचा निघाल्या की चौकट दोन माणसांना जिन्यावरून नेता येते.

पॉलिकार्बोनेट हे दुसरे पारदर्शक प्लॅस्टिक हातोडीलाही सहसा दाद देत नाही आणि ॲक्रिलिकपेक्षा जास्त उष्णता सोसते, पण त्यावर चरे फार लवकर पडतात. पूर्ण वाढलेला इग्वाना दीड मीटरहून लांब होतो आणि शेपटीचा फटका जोरात मारतो. त्याच्या खोलीवजा पिंजऱ्यात, खालच्या भागात, ते उपयोगी पडते. शेडच्या छपरासाठी मिळणारा पोकळ नळ्यांचा पॉलिकार्बोनेट पत्रा दारासाठी आणू नये. आरपार नीट दिसत नाही आणि त्याच्या नळ्यांत ओल व किडे साठतात.

जाळी आणि लाकूड

जाळीचे पूर्ण दार आपल्याकडे लागत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. झरोक्यांसाठी मात्र जाळी लागतेच, आणि तिथे ३०४ ग्रेडची बारीक स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी. मच्छरदाणीची फायबर किंवा नायलॉन जाळी स्वस्त असते, पण रातकिडे ती कुरतडून वाट काढतात. जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, चौकोनी वेल्डेड जाळी मजबूत असली तरी तिच्या मोठ्या भोकांत सरड्याची नखे आणि बोटे अडकतात, आणि बाहेर पडण्यासाठी तोंड घासत राहिलेल्या प्राण्याच्या नाकाडावर जखमा होतात. जाळीच्या कापलेल्या कडा नेहमी लाकडी पट्टीखाली दाबून टाकाव्यात. यूव्हीबीची नळी जाळीच्या बाहेरून लावायची झाली तर जाळीच्या विणीनुसार बराच प्रकाश तिच्यातच अडतो, हेही ध्यानात ठेवावे. पश्चिमेकडच्या दमट पट्ट्यात पावसाळ्यात दारालगत बुरशी धरू लागली, तर दार बदलण्याऐवजी वरचा झरोका मोठा करावा.

चौकटीसाठी सागवानाची पट्टी सर्वांत चांगली, कारण पावसाळा-उन्हाळ्यात ती फारशी हलत नाही. प्लाय वापरायचा तर आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) दाराच्या जवळपास वापरू नये. पाणी शिंपडताना कड भिजली की ती फुगते आणि चॅनेल वाकडा होतो. पॉलिश म्हणून पाण्यात विरघळणारे पॉलियुरेथेन लावावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे एखाद-दोन आठवडे, पेटी हवेशीर जागी उघडी ठेवावी. सरडा त्या हवेत चोवीस तास श्वास घेणार असतो. बिजागरीचे दार पश्चिम भागात करायचे असेल, तर ते उन्हाळ्यात घट्ट बसवू नये. चारही बाजूंनी अर्धा सूत सैल ठेवावे, म्हणजे आषाढात फुगल्यावर ते अडकत नाही, आणि राहिलेल्या फटीला रबरी पट्टी लावावी.

सरकत्या काचेचे माप

दुकानांच्या शोकेसला लावतात तो दोन खाचांचा चॅनेल हार्डवेअरच्या दुकानात प्लॅस्टिकचा आणि ॲल्युमिनियमचा असा दोन्ही प्रकारचा मिळतो. वरचा चॅनेल खोल आणि खालचा उथळ असावा, म्हणजे काच वर उचलून खाली सोडली की बसते आणि तशीच काढताही येते. माप असे काढावे. समजा वरच्या खाचेची खोली १२ मिमी, खालच्या खाचेची ५ मिमी आणि दोन्ही चॅनेलच्या ओठांमधली मोकळी उंची ४५० मिमी आहे. काचेची उंची ४५० अधिक ५ अधिक ६, म्हणजे ४६१ मिमी घ्यावी. काच खाली टेकल्यावर वरच्या खाचेत ती ६ मिमी धरलेली राहते. उचलताना तिला आणखी ६ मिमी वर जायला जागा असते आणि खालचा ओठ ५ मिमीचाच असल्याने ती बाहेर निघते. या हिशेबात काच दोन मिलिमीटरने उंच झाली तर बसत नाही, आणि चार-पाच मिलिमीटरने ठेंगणी झाली तर वरून सुटून अंगावर येते. लाकूड कुठेही अगदी समांतर नसते, म्हणून उंची डावीकडे, मधोमध आणि उजवीकडे मोजून सर्वांत कमी आकडा धरावा.

रुंदीसाठी आतली मोकळी लांबी घेऊन तीत एकमेकींवर येण्याची ३० मिमी मिळवावी आणि दोनाने भागावे. ९०० मिमी उघड्या जागेला प्रत्येक काच ४६५ मिमी येते. दोन काचांमध्ये चॅनेलच्या मधल्या भिंतीएवढी फट राहतेच. मोठ्या प्राण्याला तिच्याने धोका नाही, पण पिल्लांना आणि किड्यांना ती पुरेशी असते, म्हणून आतल्या काचेच्या उभ्या कडेला पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी बसवून ती फट झाकावी. त्या जागी केसाळ ब्रशपट्टी लावू नये. तिचे तंतू सुटून प्राण्याच्या बोटांना गुंडाळले जातात, आणि कात टाकताना बोटांना आधीच जपावे लागते.

खालचा चॅनेल पेटीच्या तळावर न लावता तीन-चार इंच उंचीच्या आडव्या फळीवर लावावा. ही फळी माती आणि कोकोपीट आत अडवते. नाहीतर वाळूचे कण खाचेत जाऊन काच खरवडतात आणि काही दिवसांत दार सरकेनासे होते. तरीही आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने खाच झाडावी. तेल किंवा ग्रीस लावू नये, त्यावर धूळ आणखी चिकटते. दार समोरून उघडणारे असण्याचा आणखी एक लाभ आहे: सरड्याचे शत्रू बहुधा वरून येतात, त्यामुळे झाकण उचलून वरून हात घातला की तो बिथरतो, आणि समोरून हात नेला की लवकर सरावतो.

सरकत्या काचेला कुलूप अवश्य लावावे. शोकेसचे दातेरी पट्टीचे कुलूप काचेच्या कडेवर सरकवून बसते आणि त्याला भोक लागत नाही. पाहुण्यांची मुले उत्सुकतेने दार उघडतात आणि मांजर पंजाने काच सरकवायला शिकते, ही दोन कारणे पुरेशी आहेत. बिजागरीच्या दाराला नुसता लोहचुंबक पुरत नाही, सोबत लहान कडी हवी. खालच्या बाजूला पडणारे फडताळी दार तर शक्यतो करूच नये, कारण ते हातातून निसटले की काच आपटते आणि किडे थेट पायांवर येतात.

जोडांसाठी मत्स्यपेटीसाठीचे म्हणून विकले जाणारे सिलिकॉन घ्यावे. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते, ते प्राण्याजवळ नको. सिलिकॉन वरून तासाभरात सुकल्यासारखे दिसते, पण आतपर्यंत जमायला त्याला दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या गतीनेच वेळ लागतो. व्हिनेगरसारखा वास येणे पूर्ण थांबेपर्यंत प्राणी आत सोडू नये.

मुंग्यांची चिंता दाराच्या साहित्याने पूर्ण मिटत नाही. आत मेलेला एखादा किडा राहिला की लाल मुंग्या चॅनेलच्या टोकाशी असलेल्या केसाएवढ्या फटीतूनही आत जातात आणि झोपलेल्या लेपर्ड गेकोला चावतात. चॅनेलची दोन्ही टोके सिलिकॉनने बंद करावीत, आणि पेटी स्टँडवर ठेवून त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करावेत. जुन्या घरांत दुधाच्या कपाटाला हीच व्यवस्था असे. मुंग्यांची पावडर किंवा खडू पेटीच्या आसपास वापरू नये, त्यातले कीटकनाशक सरड्यालाही बाधते.

प्राणी आणण्यापूर्वी

दार बसल्यावर रात्री खोलीतले दिवे मालवून पेटीतला दिवा लावावा आणि चौकटीभोवती फिरून पाहावे. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून उष्णता जाते. मग वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी दाराच्या कडेत धरून दार बंद करावे आणि ओढून पाहावी; बिजागरीच्या दारात ती सहज सुटून आली तर तिथे रबरी पट्टी हवी. यानंतर थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारे यंत्र) लावून पेटी आठवडाभर रिकामी चालवावी आणि दोन थर्मामीटर उबदार व थंड टोकांना ठेवून पहाटेचे व दुपारचे आकडे लिहून काढावेत. लेपर्ड गेकोच्या उबदार आडोशाला ३१ ते ३३ अंश, आणि बिअर्डेड ड्रॅगनच्या ऊन खाण्याच्या जागेवर ३८ ते ४२ अंश मिळायला हवेत, आणि त्याच वेळी थंड टोक २७ अंशांच्या वर चढता कामा नये. दुपारी थंड टोक सतत तापत असेल तर दोष दाराचा नसून झरोक्याचा किंवा पेटीच्या जागेचा असतो. पहाटे उबदार टोकसुद्धा गार पडत असेल तर आधी फटी बुजवाव्यात, मग रात्रीचे पांघरूण आणि त्यानंतरच जास्त शक्तीचा हीटर, या क्रमाने जावे.

सगळे जमल्यावर दोन्ही काचांची लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये पेटीच्या पाठीमागे पक्क्या शाईने लिहून ठेवावी. काच फुटली तर ती बहुधा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी फुटते, आणि तेव्हा उघड्या चौकटीवर तात्पुरती प्लायची फळी लावून, प्राण्याला झाकणाच्या टोपलीत हलवून, दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच केवळ ते आकडे सांगून नवी काच कापून आणता येते.